मॅनेज्ड की अनमॅनेज्ड फायबर: नाशिकच्या एका डायग्नोस्टिक सेंटरचा तीन वर्षांचा हिशोब

नाशिकमधलं एक डायग्नोस्टिक सेंटर, नाव राहू दे. मेन बिल्डिंग कॉलेज रोडला आणि दुसरं सेंटर नाशिकरोडला. सीटी, एमआरआय, एक्स-रे दोन्हीकडे चालतं पण रेडिओलॉजिस्ट मंडळी बसतात कॉलेज रोडला, पॅक्सचा, म्हणजे इमेज साठवायच्या सिस्टिमचा, सर्व्हर पण तिथेच, त्यामुळे नाशिकरोडला काढलेली प्रत्येक इमेज फायबरवरून इकडे आल्याशिवाय रिपोर्ट निघत नाही. या दोन बिल्डिंगना थेट जोडणाऱ्या पॉइंट टू पॉइंट लिंकचं जुनं काँट्रॅक्ट संपत आलं होतं आणि रिन्यूअलच्या वेळी सेल्सवाल्याने दोन कॉलमचं कोटेशन पुढे केलं, एक मॅनेज्ड, एक अनमॅनेज्ड, आणि दुसरा कॉलम सरळ ३५ टक्के स्वस्त. डॉक्टरसाहेबांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "केबल तीच, कंपनी तीच, मग हे वरचे सव्वा लाख कशाचे घेतात हो?"

प्रश्न एकदम रास्त होता. त्याचं उत्तर काढायला पूर्ण हिशोब मांडावा लागला, तोच इथे लिहितोय. आकडे गोल केलेत आणि ते या एका केसचे आहेत, तुमच्या गावात तुमच्या बिल्डिंगला वेगळे येतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहते.

आधी बँडविड्थचं बघू, कारण सेल्सवाल्याचं पहिलं वाक्य होतं की सर तुम्ही आता १ जीबीपीएस घ्या, १०० एमबीपीएस जुनं झालं. सीटीची एक स्लाइस म्हणजे ५१२ बाय ५१२ पिक्सल, प्रत्येक पिक्सलला दोन बाइट, म्हणजे साधारण अर्धा एमबी. ५०० स्लाइसची स्टडी धरली तर २५० ते २६० एमबी. १०० एमबीपीएसच्या लिंकवर ती वीस-पंचवीस सेकंदात पोचते. तेवढ्यात पेशंट टेबलवरून नीट खाली पण उतरलेला नसतो. दिवसाला अशा चाळीस स्टडी झाल्या तरी एकूण १० जीबी, आणि १०० एमबीपीएसवर १० जीबी जायला सलग चौदा-पंधरा मिनिटं लागतात. दिवसभरात मिळून! एमआरआय, एक्स-रे, बिलिंग, कॅमेऱ्याचं थोडंफार धरून दुप्पट-तिप्पट करा, तरी लिंक बराचसा वेळ रिकामीच. त्यामुळे १ जीबीपीएसचा विषय तिथेच संपवला आणि दोन्ही कोट १०० एमबीपीएसचे मागवले, नाहीतर पुढची सगळी तुलना फुगलेल्या आकड्यांवर झाली असती.

आता कोट. मॅनेज्ड म्हणजे दोन्ही टोकांना राउटर त्यांचा, कॉन्फिगरेशन त्यांचं, त्यांच्या एनओसीतून, म्हणजे नेटवर्कच्या कंट्रोल रूममधून, चोवीस तास मॉनिटरिंग, राउटर उडाला तर बदलून द्यायचा. एआरसी, म्हणजे वर्षाचं भाडं, ३,६०,००० आणि ओटीसी, म्हणजे सुरुवातीला एकदाच द्यायचे, ४०,०००. अनमॅनेज्ड म्हणजे ते फायबर आणून एलआययूत, म्हणजे फायबरच्या डबीत, टर्मिनेट करणार, लाइटचं इथरनेट करणारा मीडिया कन्व्हर्टर लावणार, त्याच्या इथरनेट पोर्टपर्यंत लिंक चालू ठेवणं त्यांचं काम आणि पोर्टच्या पुढे सगळं आपलं. एआरसी २,३४,०००, ओटीसी ३०,०००. फायबर कट झाली तर जोडून देणार दोन्हीत तेच, कारण लाइन त्यांचीच आहे. हे नीट लक्षात घ्या, बऱ्याच जणांना वाटतं अनमॅनेज्ड घेतलं की केबल तुटल्यावर आपणच शिडी घेऊन खांबावर चढायचं, तसं नसतं.

तर वर्षाला फरक १,२६,०००. सेल्सवाल्याला म्हटलं या फरकाचा ब्रेक-अप द्या. आधी म्हणे सर ते पॅकेज असतं, तुटत नाही. दोनदा मेल केल्यावर तुटलं. राउटरचं भाडं प्रत्येकी महिना ३,०००, दोन राउटर म्हणजे वर्षाला ७२,०००. आणि मॅनेजमेंट चार्ज महिना ४,५००, म्हणजे वर्षाला ५४,०००. बेरीज बरोबर १,२६,०००.

इथे थांबा जरा, कारण अख्ख्या प्रकरणाची मेख इथेच आहे. राउटरचं तीन वर्षांचं भाडं २,१६,०००. त्याच ताकदीचा, म्हणजे १०० एमबीपीएसचं एन्क्रिप्शन आरामात झेपेल असा आणि दोन वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या दोन लाइन लावायची सोय, असलेला राउटर बाजारात २८,०००ला मिळत होता. दोन घेतले तर ५६,०००. म्हणजे ५६ हजारांच्या वस्तूचं तीन वर्षांत सव्वादोन लाखाच्या आसपास भाडं, आणि शेवटी वस्तू परत त्यांचीच. ज्याला आपण "मॅनेज्डचे पैसे" म्हणतो त्यातले निम्म्याहून जास्त डब्याच्या भाड्याचे होते, माणसांच्या कामाचे नाही. वर्षाला ५४,०००त चोवीस तास दोन साइट बघणं हा रेट खरं तर वाईट नाहीये, आमच्या लोकल माणसाने पण जवळपास तेवढेच सांगितले. म्हणून मी विचारलं की राउटर आम्ही विकत घेतो, तुम्ही फक्त मॅनेज करा, तर उत्तर आलं कस्टमरचा राउटर आम्ही मॅनेज करत नाही, पॉलिसी आहे. असणारच, भाडं कुणाला नकोय!

मग जीएसटी. हे डायग्नोस्टिक सेंटरवाल्यांनी, हॉस्पिटलवाल्यांनी नीट वाचा. टेलिकॉम सर्व्हिसवर १८ टक्के जीएसटी लागतो. एखादी आयटी कंपनी असेल तर ती तो इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून, वळता करून घेते, त्यामुळे इंटरनेटवर दिसणाऱ्या बऱ्याच तुलना जीएसटी सोडून केलेल्या असतात. पण तपासण्या, निदान या आरोग्य सेवा जीएसटीतून मुक्त आहेत, सेंटर पेशंटकडून जीएसटी घेतच नाही, मग क्रेडिट कशातून वळतं करणार? तो १८ टक्के सरळ खर्चात जातो. अकाउंट्सच्या मॅडमनी हे पहिल्याच मीटिंगला सांगितलं, "सर, तुमच्या शीटमधला प्रत्येक आकडा मला एक पूर्णांक अठरा शतांशने गुणून द्या." दिला.

तीन वर्षांचं मॅनेज्ड: एआरसीचे १०,८०,००० अधिक ओटीसी ४०,०००, झाले ११,२०,०००. त्यावर जीएसटी २,०१,६००. एकूण १३,२१,६००.

तीन वर्षांचं अनमॅनेज्ड: ७,०२,००० अधिक ३०,०००, झाले ७,३२,०००. जीएसटी १,३१,७६०. एकूण ८,६३,७६०.

साडेचार लाखाच्या वर फरक. इथेच बरेच लोक शीट बंद करतात आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) काढतात, आणि मग सहा महिन्यांनी रात्री साडेदहाला राउटर हँग झाल्यावर रिसेप्शनवरची मुलगी कुणाला फोन करायचा ते शोधत बसते. आपल्याकडे पडणारा खर्च यात धरायलाच पाहिजे. राउटर दोन नाही, तीन घ्यायचे, एक कॉन्फिगर करून कपाटात स्पेअर ठेवायचा, कारण मॅनेज्डवाला बदलून देतो ती सोय आता आपली आपणच करायची. ३ गुणिले २८,०००, जीएसटी धरून ९९,१२०. नेटवर्क बघणाऱ्या लोकल व्हेंडरचा एएमसी, म्हणजे देखभालीचं काँट्रॅक्ट, वर्षाला ४८,०००, दिवसा चार तासात माणूस हजर, रात्री फोनवर. तीन वर्षांचा जीएसटीसकट १,६९,९२०. मॉनिटरिंगला एका जुन्या पीसीवर झॅबिक्स टाकलं, सॉफ्टवेअर फुकट आहे, ते बसवायची मेहनत एएमसीत.

यूपीएसचा खर्च मी मुद्दाम धरला नाही, कारण मॅनेज्डच्या काँट्रॅक्टमध्ये पण साइटची पॉवर, अर्थिंग, बिल्डिंगच्या आतली केबल, उंदरांनी कुरतडलेली पॅचकॉर्ड हे सगळं कस्टमरच्याच गळ्यात आहे. दोन्हीकडे सारखाच पडतो.

तर अनमॅनेज्डचा खरा आकडा ११,३२,८००. मॅनेज्डपेक्षा १,८८,८००ने कमी, म्हणजे ३५ टक्के म्हणता म्हणता फरक १४ टक्क्यांवर आला. महिन्याला पाच हजार सव्वादोनशे-अडीचशे रुपये. यावर डॉक्टरसाहेब म्हणाले, "अहो एवढ्यासाठी डोक्याला ताप कशाला, मॅनेज्डच राहू द्या, मला फोन उचलणारा माणूस हवाय." फक्त पैशाकडे बघितलं तर मी पण तेच म्हटलं असतं.

पण मग जुन्या वर्षाचे डॉकेट, म्हणजे तक्रारींच्या नोंदी, काढले. जुनी लिंक मॅनेज्डच होती, त्यामुळे प्रत्येक वेळी बंद पडल्यावर आरएफओ, म्हणजे बंद पडण्याच्या कारणाचा रिपोर्ट, मेलवर आलेला होता, कुणी वाचला नव्हता ही गोष्ट वेगळी. वर्षभरात अकरा डॉकेट. त्यातले सात फायबर कट किंवा बेंड, तीन वेळा कुठल्या तरी टोकाला किंवा मधल्या पॉपला (कंपनीच्या जोडणी केंद्राला) पॉवर नाही, आणि राउटर हँग होऊन रिबूट करावा लागला असं फक्त एकदा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी वर्षाला सव्वा लाख जादा मोजत होतो ती गोष्ट वर्षात एकदा उपयोगी पडली. बाकी दहा वेळा एनओसीने काय केलं, तर आपल्या आधी लिंक डाउन झाल्याचं बघितलं आणि मेल टाकला. चांगलं आहे, पण मेलने केबल जोडली जात नाही. केबल जोडायला लागते स्प्लायसिंगवाल्यांची गाडी, आणि ती गाडी मॅनेज्डचा डॉकेट असो की अनमॅनेज्डचा, एकच असते. त्यात २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात जिकडेतिकडे रस्त्यांची कामं काढलेली, जेसीबी कुठे हात घालेल नेम नाही, त्यामुळे पुढच्या तीन वर्षांत कट वाढणार, कमी होणार नाहीत हे सांगायला कन्सल्टंट लागत नाही.

एसएलएचा, म्हणजे सेवेच्या लेखी हमीचा, पण मोह असतो. मॅनेज्डमध्ये ९९.५ टक्के अपटाइम लिहून देतात, वाचायला भारी वाटतं. वर्षाचे ८,७६० तास, त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळपास ४४ तास बंद राहिली तरी एसएलए पाळला असं होतं. आणि बारीक अक्षरात लिहिलेलं की मोजणी तिमाहीवर. तिमाहीचे २,१९०च्या आसपास तास, म्हणजे एका दमात दहा तास लिंक गेली, तेही ऐन सोमवारी सकाळी, आणि बाकी तिमाही नीट चालली तर एक रुपया परत नाही. त्यापलीकडे गेली तर क्रेडिट मिळतं ते एआरसीच्या दिवसाच्या हिशोबाने, आणि ३,६०,००० भागिले ३६५ म्हणजे ९८६ रुपये. एक अख्खा दिवस लिंक मेली तर कंपनीचं नुकसान हजार रुपयांच्या आत! एवढ्यासाठी कुणी रात्री दोनला टीम बाहेर काढेल का, तुम्हीच सांगा.

सेंटरचं नुकसान किती, हे पण फुगवून सांगायचं नाही असं ठरवलं होतं. लिंक गेली म्हणून सीटी मशीन बंद पडत नाही. इमेज नाशिकरोडच्या वर्कस्टेशनवर साठत राहतात, फक्त रिपोर्ट अडतात. मग काय करायचे, तर सीडी राइट करायची आणि वॉर्डबॉय बाइकवर कॉलेज रोडला घेऊन यायचा. द्वारकेच्या ट्रॅफिकमधून पाऊण तास. साध्या केसला चालून जातं. पण डोक्याला मार लागलेला पेशंट समोर असेल आणि पाठवणारा सर्जन दर पाच मिनिटांनी फोन करत असेल तर पाऊण तास फार मोठा असतो, आणि असं दोन-तीनदा झालं की तो सर्जन पुढचे पेशंट दुसरीकडे पाठवायला लागतो. ते नुकसान कुठल्याच शीटमध्ये लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिलं पण नाही, डॉक्टरसाहेबांना तोंडी सांगितलं, त्यांना ते माझ्याआधीच माहीत होतं.

म्हणजे गरज होती ती दुसऱ्या रस्त्याची. एक लिंक तुटली की आपोआप दुसरीवर जायचं. आणि इथे अनमॅनेज्डचा खरा फायदा दिसायला लागला. राउटर आपला असला की त्याच्या दुसऱ्या वॅन पोर्टमध्ये कुठल्याही ऑपरेटरची लाइन घालायला आपण मोकळे. मॅनेज्ड राउटरचा पासवर्ड आपल्याकडे नसतो, त्यात दुसऱ्या कंपनीची लाइन लावायची तर चेंज रिक्वेस्ट, त्याचे वेगळे पैसे, आणि इथे तर त्यांनी सरळ सांगितलं की बॅकअप लिंक पण आमच्याकडूनच घ्यायला लागेल. त्यांची बॅकअप त्यांच्याच केबलमधून येणार असेल तर ती बॅकअप कसली.

दुसरी लाइन म्हणून साधं एफटीटीएच, म्हणजे घरोघरी येणाऱ्या फायबरचं, ब्रॉडबँड बघितलं, दोन्ही सेंटरला मेनपेक्षा वेगळ्या ऑपरेटरचं, महिना १,२००चा प्लॅन. हे इतकं स्वस्त का असतं, तर त्यामागच्या जीपॉन तंत्रात एका पोर्टवरची साधारण अडीच जीबीपीएस डाउनलोड आणि सव्वा जीबीपीएस अपलोड बत्तीस नाहीतर चौसष्ट घरांत वाटलेली असते, कुठली हमी नसते, आणि संध्याकाळी क्रिकेटची मॅच असली की कळतंच. पण बॅकअपला चालतं, कारण आपल्याला लागतं ते थोड्या तासांसाठी. फक्त दोन गोष्टी बघायच्या: प्लॅनचा अपलोड स्पीड डाउनलोडइतकाच आहे का, कारण नाशिकरोडवरून आपण पाठवणार आहोत, आणि निदान एका टोकाला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी, नाहीतर दोन्ही टोकं सीजीनॅटच्या मागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच आयपीमागे, बसली तर व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन सेंटर जोडणारा सुरक्षित बोगदा) लागायची पंचाईत. दोन लाइनचे ३६ महिन्यांचे जीएसटीसकट १,०१,९५२, कॉलेज रोडच्या स्टॅटिक आयपीचे वर्षाला २,००० धरून तीन वर्षांचे ७,०८०.

अनमॅनेज्ड लिंक, आपले राउटर, स्पेअर, एएमसी आणि वर दुसरी लाइन, सगळं मिळून १२,४१,८३२. मॅनेज्डच्या एकट्या लिंकपेक्षा तरीही ७९,७६८ने कमी. डॉक्टरसाहेबांना दाखवायच्या शीटमध्ये मी फक्त हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले.

मध्येच एक तिसरा पर्याय आला. एका लोकल केबल ऑपरेटरने ऐकलं की इथे लिंक घ्यायचं चाललंय, तो येऊन म्हणाला कशाला एमबीपीएसच्या भानगडीत पडता, मी तुम्हाला डार्क फायबरची, म्हणजे नुसत्या रिकाम्या फायबरची, जोडीच देतो, त्यात वाटेल तेवढं चालवा. रूट १४ किलोमीटर, किलोमीटरला वर्षाचे १८,०००, म्हणजे २,५२,०००. अनमॅनेज्ड लिंकपेक्षा थोडंच महाग आणि स्पीडला मर्यादाच नाही! ऐकून नेटवर्कच्या पोराचे डोळे चमकले. मी पण मोहापायी लॉस बजेट, म्हणजे वाटेत लाइट किती कमी होईल याचा हिशोब, काढून बघितलं. १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.३५ डीबी धरा, १४ किलोमीटरचे ४.९. दोन किलोमीटरच्या ड्रमने केबल ओढली असेल तर सात-आठ जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.८. दोन्ही टोकांचे मिळून चार कनेक्टर, अर्ध्या डीबीने २. बेरीज ७.७ डीबी. टेन-जीच्या, म्हणजे १० जीबीपीएसच्या, साध्या एलआर मॉड्यूलचं (फायबरमध्ये लाइट सोडणाऱ्या भागाचं) बजेट ६.२ डीबी, आणि ते मुळात १० किलोमीटरचंच. म्हणजे ते बसत नाही, ४० किलोमीटरवालं ईआर घ्यायला लागेल, १५५० नॅनोमीटरवर लॉस कमी, तिथे आरामात बसतं पण मॉड्यूल महाग. १ जीबीपीएसवर समाधान मानलं तर २० किलोमीटरच्या स्वस्त एसएफपी मॉड्यूलवर काम होतं. आणि हे सगळं कागदावर. खांबावरच्या केबलला दर कटला एक जास्तीचा जोड पडतो, त्यामुळे वर्षभराने ओटीडीआर, म्हणजे फायबरचा लॉस मोजायचं मशीन, लावला की लॉस वाढलेला असणार.

पण अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे डार्क फायबर भाड्याने देणारे साधारणपणे आयपी-१ (टेलिकॉमच्या पायाभूत सोयी पुरवणाऱ्यांची) नोंदणीवाले असतात, आणि त्या नोंदणीच्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क फायबर, डक्ट, टॉवर हे टेलिकॉमचं लायसन असलेल्यांना द्यायचं असं लिहिलंय. डायग्नोस्टिक सेंटर काही लायसनवाली टेलिकॉम कंपनी नाही. ऑपरेटरला विचारलं तर म्हणाला, "त्याचं काय साहेब, बिलावर पॉइंट टू पॉइंट लिंक असं लिहू ना." उद्या केबल काढून घेतली की कुणाकडे तक्रार करणार, बिलावर तर भलतंच लिहिलेलं. तो विषय सोडून दिला. स्टॉकहोममध्ये हे अगदी उलटं आहे, तिथे महापालिकेच्या मालकीची स्टोकॅब कंपनी १९९४पासून शहरभर डार्क फायबर टाकून टेलिकॉम कंपन्यांना आणि इतरांना सारख्याच अटींवर भाड्याने देते. अमेरिकेत शाळा-लायब्ररींना इंटरनेटसाठी सरकारी मदत मिळते त्या ई-रेट योजनेत २०१४च्या आदेशाने डार्क फायबरला लिट सर्व्हिसच्या, म्हणजे कंपनीनेच उपकरणं लावून चालू दिलेल्या लिंकच्या, बरोबरीने बसवलं, २०१६च्या फंडिंग वर्षापासून, पण अट अशी की डार्कचे कोट मागवाल तर लिटचे पण मागवा, आणि तुलना करताना दोन्ही टोकांची उपकरणं, देखभाल, सगळं धरून करा. आम्ही नाशकात एक्सेलमध्ये जे करत होतो तेच, फक्त तिथे ते नियमात लिहून ठेवलंय.

आता पुढचं काम, जे कुणी करत नाही. दोन ऑपरेटर वेगळे म्हणजे रस्ते वेगळे असं आपण गृहीत धरतो. दोघांकडून रूटचा केएमएल, म्हणजे नकाशाची फाइल, मागितला. एकाने दिला, दुसरा म्हणाला कॉन्फिडेन्शियल आहे. मग त्याच्याच लाइनमनला सोबत घेऊन नाशिकरोडवरून बाइकने निघालो. बिटको चौकापासून उपनगर नावाच्या भागापर्यंत दोन्ही केबल रस्त्याच्या वेगवेगळ्या बाजूंनी होत्या, बरं वाटलं. द्वारकेच्या अलीकडे लाइनमनने बाइक थांबवायला सांगितली आणि वर बोट केलं. एकाच स्ट्रीटलाइटच्या खांबावर केबलींचं भेंडोळं, चार-पाच जॉइंट क्लोजर एकमेकांना टेकलेले, लूप तारेने बांधलेले, एका केबलचा टॅग उन्हाने पांढरा पडलेला, आणि त्यातच आपली मेन आणि आपली होऊ घातलेली बॅकअप शेजारी शेजारी. "इथं सगळ्यांचंच असं आहे साहेब, दुसरीकडनं जागाच न्हाई," तो म्हणाला. एका ट्रकने तो खांब पाडला असता तर मेन आणि बॅकअप दोन्ही एका झटक्यात गेल्या असत्या.

म्हणून बॅकअपचा ऑपरेटर बदलला. जो घेतला त्याची केबल द्वारकेला न येता इंदिरानगरच्या बाजूने फिरून मुंबई नाक्याकडे निघते. कॅनडा कॉर्नरपासून शेवटचा तुकडा मात्र दोघांचा एकाच रस्त्याने आहे, त्याला इलाज नाही सापडला. रेट तोच, १,२००.

शेवटी अनमॅनेज्ड अधिक एफटीटीएच असं ठरलं. पीओमध्ये चार-पाच वाक्यं जास्तीची घालून घेतली आणि माझ्या मते ती पैशाइतकीच महत्त्वाची: अपटाइमची मोजणी महिन्यावर, तिमाहीवर नाही, रूट बदलला तर लेखी कळवायचं, फायबर कटचा डॉकेट आपण थेट एनओसीत लावणार, सेल्सवाल्याच्या मार्फत नाही, आणि कमिशनिंगच्या वेळी ओटीडीआरचा रिपोर्ट द्यायचा. तिमाहीचा मुद्दा सोडायला ते पटकन तयार झाले, याचं मला आश्चर्य वाटलं. बहुतेक कुणी मागतच नसावं.

चालू झाल्यावर एका रविवारी कॉलेज रोडच्या मीडिया कन्व्हर्टरची केबल हाताने उपटून ट्रायल घेतली. पाऊण मिनिटात व्हीपीएनवर गेलं, पिंग चालू, सगळे खूश, आणि सीटीची स्टडी पाठवायला घेतली तर अर्ध्यावर जाऊन अडकली. परत पाठवली, परत अडकली. पिंग जातंय, बिलिंगचा स्क्रीन उघडतोय, फक्त मोठ्या इमेज मरताहेत. नेटवर्कच्या पोराने तासभर झटापट केल्यावर सापडलं, व्हीपीएनच्या जादा हेडरमुळे पूर्ण आकाराचं पॅकेट मावत नव्हतं आणि वाटेत कुठेतरी गपचूप टाकून दिलं जात होतं. राउटरवर एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा, १३६०वर बांधला आणि स्टडी सुटली. अनमॅनेज्डचा एएमसी असतो तो याच कामासाठी. हा पोरगा नसता तर पहिल्या खऱ्या कटच्या दिवशी, ऐन गर्दीत, आम्ही हे शोधत बसलो असतो. तुमच्याकडे असा माणूस नसेल, दिवसा चार तासात येणारा आणि रात्री फोन उचलणारा, तर माझा सल्ला सरळ आहे, मॅनेज्ड घ्या आणि फक्त राउटरच्या भाड्यावर घासाघीस करा. पेठ-सुरगाण्याकडे शाखा असलेली एखादी पतसंस्था मला विचारायला आली तर मी तिला अनमॅनेज्ड सुचवणारच नाही, तिथे राउटर रिबूट करायला माणूस पाठवायचा म्हटलं तरी अर्धा दिवस जातो.

आणखी एक छोटा खर्च शीटमध्ये नव्हता. अनमॅनेज्डमध्ये बिलं दोन-तीन ठिकाणची होतात आणि एफटीटीएच प्रीपेड असतं. तिसऱ्या महिन्यात झॅबिक्सने बॅकअप डाउन दाखवली, लाइनमन येऊन पॉवर मीटरने लाइट चेक करून गेला, लाइट व्यवस्थित, तर रिचार्ज संपलेला. मेन लिंक चालू असल्यामुळे कुणाला पत्ताच नव्हता. मॅडमनी दोन्ही लाइनचा वर्षाचा रिचार्ज एकदम मारून टाकला, त्यात एक महिना फुकट पण मिळाला.

त्यानंतर एक मोठा कट झाला, उपनगरजवळ रस्त्याचं काम चालू असताना, सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. रेडिओलॉजिस्टना कळलं ते दुपारी, इमेज थोड्या हळू येताहेत एवढंच. वॉर्डबॉयची बाइक निघाली नाही.

आता सेंटरवाले सिन्नरला तिसरी जागा बघताहेत. तिथे त्या बिल्डिंगपर्यंत फायबर असलेला एकच ऑपरेटर निघालाय आणि एएमसीवाला सिन्नरला चार तासात पोचायचं लिहून द्यायला तयार नाही. तिथला कोट मी मॅनेज्डचाच मागवलाय, राउटरचं भाडं वेगळ्या ओळीत दाखवा असं सांगून.